रुळावर जमणारे पटिंग ग्रीनवर का जमत नाही?

पत्राचा सारांश : चार वर्षांपासून गोल्फ खेळणाऱ्या एका वाचक महिलेचे हे पत्र आहे. त्यांचा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितका खेळ चांगला) २२ आहे आणि दर राउंडमध्ये, म्हणजे खेळाच्या एका फेरीत, चार-पाच होलवर त्यांना तीन-तीन पट (चेंडू जमिनीवरून घरंगळवून होलमध्ये घालण्याचे हलके फटके) लागतात. स्ट्रोक, म्हणजे पट मारतानाची हालचाल, सुधारावा म्हणून सहा महिन्यांपूर्वी त्यांनी कमानदार रूळ असलेले एक सराव-साधन घेतले. पटरची (पट मारायच्या काठीची) टाच, म्हणजे तिच्या डोक्याचे खेळाडूकडचे टोक, त्या रुळाला लागून सरकत राहिली, की स्ट्रोकचा मार्ग आपोआप ठरलेल्या कमानीत राहतो, अशी त्याची रचना आहे. घरातल्या चटईवर ८ फुटांवरून, रूळ लावून, त्यांचे दहापैकी नऊ पट होलमध्ये जातात. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, मात्र काहीच सुधारलेले नाही. उलट चेंडूपाशी उभे राहिले की हात अडखळतात. नेहमीच्या सोबत्यांचे मत असे, की पटिंग हा अंदाजाचा भाग आहे आणि सगळी साधने अडगळीत टाकावीत. त्यांना स्वतःला मात्र वाटते, की हे साधन अपुरे आहे आणि पटरच्या दांड्याला लावायचे सेन्सर घ्यावे. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, आणि राउंड चालू असताना एका होलवरून दुसऱ्या होलकडे जाताना पिशवीतून रूळ काढून त्यावर चार स्ट्रोकचा सराव केला तर चालेल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

तुमचे आणि तुमच्या सोबत्यांचे मत परस्परविरुद्ध दिसत असले, तरी एका बाबतीत तुम्ही दोघे सारखेच वागत आहात : चूक नेमकी कुठे होते हे पाहण्याआधीच दोघांनी उपाय ठरवून टाकला आहे. तुम्ही धरून चालला आहात, की दोष स्ट्रोकच्या मार्गात आहे. तसे असेलही, पण तुमच्या पत्रात त्याचा पुरावा मला सापडला नाही. पुरावा आहे तो तीन-तीन पट लागण्याचा, आणि तीन पट लागण्याची कारणे अनेक असतात. पहिला पट किती लांबून मारता आणि तो होलपासून किती अंतरावर थांबतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या पटिंगबद्दलची सर्वांत उपयोगी माहिती तीच ठरली असती.

३० फुटांवरून मारलेला चेंडू होलच्या ८ फूट अलीकडे थांबला, असे समजू. मार्क ब्रॉडी या अभ्यासकाने व्यावसायिक स्पर्धांमधील फटक्यांच्या नोंदींचे जे विश्लेषण केले आहे, त्यानुसार पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतले खेळाडूसुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट होलमध्ये घालतात, आणि २० फुटांवरून तर शंभरात पंधराच्या आसपास. म्हणजे जगातल्या उत्तम खेळाडूलाही ८ फूट उरले, तर त्याचे तीन पट होण्याची शक्यता निम्मी असते. अशा होलवर दुसरा पट चुकला म्हणून स्ट्रोकला दोष देणे बरोबर नाही. नुकसान पहिल्या पटाच्या अंतरात झालेले असते. आणि अंतराबद्दल तुमचा रूळ काहीच शिकवत नाही.

आता दिशेकडे वळू. सपाट जागेवर चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे मुख्यतः चेंडूला लागण्याच्या क्षणी पटरचा फेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) कुठे पाहत आहे यावर ठरते; स्ट्रोकच्या मार्गाचा वाटा त्या मानाने बराच लहान असतो. फेसची चूक किती महाग पडते याचा हिशेब सोपा आहे. होलचा व्यास १०.८ सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत ५.४ सेंटीमीटर. चेंडू लक्ष्यरेषेपासून १ अंशाने भरकटून निघाला, तर १० फुटांवर तो सुमारे ५.३ सेंटीमीटर बाजूला गेलेला असतो. म्हणजे केवळ १ अंशाची चूक चेंडूला होलच्या मध्यापासून थेट काठावर नेते, आणि वेग थोडा जास्त असेल तर तो काठाला वळसा घालून बाहेर पडतो. काही रुळांवर फेस तपासण्यासाठी आडव्या रेषा आखलेल्या असतात हे खरे. पण रूळ ज्या गोष्टीला प्रत्यक्ष धरून ठेवतो ती स्ट्रोकचा मार्ग ही आहे. सहा महिने तुम्ही मेहनत घेतलीत ती दिशेच्या दोन कारणांपैकी दुय्यम कारणावर.

कमान चांगली की सरळ रेषेतला स्ट्रोक चांगला, हा वाद अनेक खेळाडू घालतात, म्हणून त्याबद्दलही थोडे लिहितो. गोल्फच्या नियमांनुसार पटरचा दांडा उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला असावा लागतो. दांडा तिरका असल्यामुळे, खांदे फिरवून मारलेल्या स्ट्रोकमध्ये पटरचे डोके मागे जाताना किंचित आत येते आणि चेंडूला लागून पुढे गेल्यावर पुन्हा किंचित आत वळते. कमान ही त्यामुळे नैसर्गिक गोष्ट आहे. पण ती किती वाकडी असावी हे तुमची उंची, कमरेतून वाकण्याची पद्धत, चेंडूपासूनचे अंतर, पटरचा कल आणि स्ट्रोकची लांबी या सगळ्यांवर अवलंबून असते. ३ फुटांच्या छोट्या स्ट्रोकमध्ये ती जवळपास दिसतही नाही. ४० फुटांच्या स्ट्रोकमध्ये स्पष्ट दिसते. कारखान्यात तयार झालेला रूळ सर्वांना एकच कमान देतो. तुमच्या शरीराची कमान त्याच्याशी जुळत असेल तर उत्तम. जुळत नसेल, तर घरी रूळ हाताला एका वाटेने नेतो आणि ग्रीनवर शरीर दुसऱ्या वाटेने जाऊ पाहते. हात अडखळण्याचे एक कारण हेही असू शकते.

सराव-साधने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात, आणि हा फरक तुमच्यासारख्या प्रत्येक वाचकाने खरेदीआधी ध्यानात घ्यावा. काही साधने चूक होऊच देत नाहीत; तुमचा रूळ त्यांपैकी आहे. काही साधने चूक होऊ देतात, पण झाल्याबरोबर सांगतात. जमिनीत रोवलेल्या दोन टींची (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्यांची) फट, चेंडूवरून ताणलेली दोरी, डोळे आणि खांदे दाखवणारा आरसा ही दुसऱ्या प्रकारची. पहिल्या प्रकाराचा धोका शारीरिक कौशल्ये शिकण्याच्या शास्त्राला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार असा, की प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून मार्गदर्शन मिळत राहिले, तर सरावाच्या वेळची कामगिरी झपाट्याने सुधारते, पण शिकणारा त्या मार्गदर्शनावर विसंबून राहतो आणि ते काढून घेतल्यावर कामगिरी घसरते. कित्ता गिरवताना प्रत्येक अक्षर वळणदार उमटते. कोऱ्या पानावर तेच वळण येते का, हे कित्ता मिटल्याशिवाय कळत नाही. तुमचे दहापैकी नऊ पट हे रुळासकट मिळालेले गुण आहेत. रूळ काढून, त्याच चटईवर, त्याच ८ फुटांवरून किती जातात, हे तुम्ही मोजले आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. आज संध्याकाळीच ते मोजून पाहा, आणि आकडा कमी आला तर खचून जाऊ नका. सहा महिन्यांत प्रथमच तुम्हाला स्वतःच्या स्ट्रोकची खरी बातमी मिळालेली असेल.

चटईचाही यात हात आहे. तिचा वेग रोज तोच, अंतर तेच, उतार नाही. ग्रीनचा वेग मात्र गवताची कापणी, ओलावा आणि दिवसाची वेळ यांनुसार बदलतो. शिवाय चेंडू परत यावा म्हणून काही चटयांना होलपाशी चढ दिलेला असतो. तो चढ पार करायची सवय लागली, की हात नकळत जास्त जोर लावू लागतो. एकामागोमाग एक दहा चेंडू एकाच जागेवरून मारताना तिसऱ्या-चौथ्या चेंडूपासून मेंदूला काही ठरवावेच लागत नाही, आधीचाच फटका तो थोडाफार दुरुस्त करून परत मारतो. ग्रीनवर दर वेळी नवे अंतर, नवा उतार आणि चेंडू एकच असतो. या ठरवण्याचाच सराव तुमचा झालेला नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे रूळ बाजूला ठेवा आणि निदान करा. सरावाच्या ग्रीनवर शक्य तितकी सपाट जागा शोधा. चेंडूच्या पुढे ४० सेंटीमीटरवर दोन टी अशा रोवा, की त्यांच्यामध्ये साडेपाच सेंटीमीटरची मोकळी फट राहील. चेंडूचा व्यास जवळपास ४.३ सेंटीमीटर असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६ मिलिमीटरच जागा उरते. या फटीतून टीला न शिवता गेलेला चेंडू लक्ष्यरेषेपासून १ अंशाहून कमी भरकटलेला असतो, आणि अशा चेंडूचा मध्य सपाट १० फुटांवर होलच्या काठाच्या आतच पोहोचतो. मात्र फट होलच्या नेमकी रेषेत हवी. ती बसवताना चेंडूपासून होलच्या मध्यापर्यंत दोरी ताणा, दोन्ही टी दोरीपासून समान अंतरावर रोवा आणि मग दोरी काढून टाका. आता दहा चेंडू मारा. प्रत्येक चेंडूनंतर मागे व्हा, पुन्हा उभे राहा, पुन्हा रेषा धरा. किती स्वच्छ गेले, किती डाव्या टीला लागले, किती उजव्या टीला लागले, एवढेच वहीत लिहा.

दहातले आठ-नऊ स्वच्छ गेले, तर तुमचा स्ट्रोक तुमच्या हँडिकॅपच्या मानाने उत्तम आहे आणि त्याला आणखी कोणत्याही साधनाची गरज नाही. दोष मग अंतरात किंवा उतार वाचण्यात शोधायचा. बहुतेक चेंडू एकाच बाजूच्या टीला लागत असतील, तर मार्ग सुधारण्याआधी उभे राहण्याची पद्धत तपासा, कारण बऱ्याचदा फेस मुळातच चुकीच्या दिशेला लावून सुरुवात होत असते. इथे आरसा खरोखर कामाचा आहे : डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित आत, म्हणजे तुमच्या पायांच्या बाजूला, असावेत आणि खांदे लक्ष्यरेषेला समांतर. चेंडूवर रेषा आखून ती लक्ष्याकडे लावणे आणि फेस त्या रेषेला काटकोनात ठेवणे, हाही चांगला उपाय आहे आणि तो खेळतानाही चालतो. चेंडू कधी डाव्या, कधी उजव्या टीला लागत असतील, तर फेस प्रत्येक वेळी वेगळा येतो आहे. त्याचे कारण बहुधा मनगटांची हालचाल, पकडीचा बदलता दाब किंवा फटका लागण्याआधीच डोके वर उचलणे हे असते. अशा वेळी फटीचा सराव चालू ठेवा, पण एका बैठकीत पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त नको.

फट काढून घेतल्यानंतरचा भाग फटीइतकाच महत्त्वाचा आहे. तीन स्ट्रोक फटीतून, लगेच तीन स्ट्रोक फटीशिवाय दुसऱ्या होलकडे, असे आलटून-पालटून मारा. साधन असताना जे जाणवले ते साधन नसताना टिकते का, हे दर काही मिनिटांनी तपासले जावे, एवढाच यामागचा हेतू आहे. रूळ आवडत असेल तर तोही याच पद्धतीने वापरा. त्याच्याशी माझे वैर नाही. त्याच्यावरून मारलेले चेंडू मोजायचे मात्र थांबवा. वहीत फक्त साधनाशिवाय मारलेले पट लिहा.

सरावाचा मोठा वाटा, निम्म्याहून अधिक, अंतराला द्या. एकच चेंडू घ्या. १५ फूट, मग ३५, मग २०, मग ४५, अशी अंतरे सतत बदला. चढावरून, उतारावरून, आडव्या उतारावरून मारा. पहिला पट थांबल्यावर दुसरा मारून चेंडू होलमध्ये घाला, जसा खेळताना घालावा लागतो. पहिला पट होलच्या ३ फुटांच्या आत आला तर समाधान माना, कारण त्या अंतरावरून दुसरा पट सहसा चुकत नाही. अधूनमधून होलकडे न मारता ग्रीनच्या कडेकडे मारा आणि चेंडू कडेच्या जितका जवळ थांबवता येईल तितका थांबवा. होल समोर नसला की मन दिशेची काळजी सोडते आणि वेगावर स्थिरावते. लांबच्या पटांसाठी जोर वाढवण्यापेक्षा स्ट्रोकची लांबी वाढवा आणि ताल तोच राहू द्या. चांगल्या खेळाडूंमध्ये पटर मागे जायला लागणारा वेळ हा तिथून चेंडूपर्यंत यायला लागणाऱ्या वेळाच्या साधारण दुप्पट असतो, मग पट ५ फुटांचा असो वा ५० फुटांचा. हा ताल मनात मोजता येतो, किंवा सराव करताना फोनवरच्या मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक अंतराने ठोके देणाऱ्या ॲपवर, धरता येतो. माझ्या मते एखाद्या हौशी खेळाडूने एकच साधन घ्यायचे असेल, तर रुळाऐवजी हा ठोका घ्यावा.

राउंडमध्येही थोडी नोंद ठेवा. प्रत्येक होलवर पहिला पट किती पावलांवरून होता, तो किती अंतरावर थांबला, आणि चुकला तर कोणत्या बाजूने, एवढे स्कोअरकार्डच्या कोपऱ्यात मावते. चार-पाच राउंडनंतर आकृती दिसू लागेल. आडव्या उतारावर चेंडू सतत उताराच्या खालच्या बाजूने चुकत असेल, तर तुम्ही उतार कमी धरता आहात किंवा चेंडू हळू मारता आहात; हौशी खेळाडूंमध्ये ही चूक फार आढळते, आणि स्ट्रोकचा तिच्याशी काही संबंध नसतो. वेग आणि उतार यांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण जोरात मारलेला चेंडू कमी वळतो, आणि हळू मारलेला जास्त वळत असला तरी होलच्या काठावरूनही आत पडू शकतो.

हात अडखळण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. चेंडूपाशी उभे राहिल्यावर तुमच्या मनात बहुधा तो रूळ असतो : पटर आत येतो आहे ना, पुन्हा बाहेर जातो आहे ना. शारीरिक कौशल्यांच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ यांच्या अनेक प्रयोगांमधून असे दिसले आहे, की स्वतःच्या अवयवांच्या हालचालीकडे लक्ष दिल्यापेक्षा त्या हालचालीतून बाहेर काय घडायचे आहे तिकडे लक्ष दिल्यास हालचाल अधिक सहज आणि अचूक होते. जोन व्हिकर्स यांनी पटिंग करताना खेळाडूंची नजर कुठे असते याचा अभ्यास केला. निष्णात खेळाडू स्ट्रोक सुरू करण्याआधी नजर चेंडूवर स्थिर करतात आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्याच जागी ठेवतात, तर कमी कुशल खेळाडूंची नजर भिरभिरत राहते. तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की मार्ग, कमान, मनगट यांचा सगळा विचार सरावाच्या ग्रीनवर करून संपवावा. खेळताना चेंडूच्या मागे उभे राहून उतार आणि वेग ठरवा, होलकडे पाहत एक-दोन मोकळे स्ट्रोक घ्या, मग चेंडूवरच्या एका खळगीवर नजर ठेवा आणि रेंगाळू नका. चेंडू गेल्यावर तो जिथे होता तिथले गवत दिसले पाहिजे. रूळ मनात आलाच, तर मागे सरून पुन्हा सुरुवात करण्याची मुभा स्वतःला द्या, अर्थात खेळाची गती सांभाळून.

आता सेन्सर. ते घेऊ नका, निदान आत्ता तरी. फेसचा कोन, मार्ग आणि ताल यांचे आकडे ते सांगते, पण त्यांतला कोणता आकडा बदलायचा आणि कोणता तसाच सोडायचा हे सांगत नाही; दोन टी आणि वही यांतून सुटणार नाही असा प्रश्न तुमच्यापुढे अजून उभा राहिलेला नाही. दोन आठवड्यांच्या नोंदीनंतरही फटीचा आकडा दहापैकी पाच-सहाच्या वर जात नसेल, तर असे उपकरण वापरणाऱ्या प्रशिक्षकाकडे एक बैठक घ्या. आकडे तिथेही मिळतील आणि ते समजावून सांगणारा माणूसही. त्याच बैठकीत पटरची लांबी आणि कल तुमच्या उभे राहण्याला जुळतो का, हेही पाहून घ्या. हा तपास बरेच जण साधनांची कपाटे भरल्यावर करतात, तो आधी व्हायला हवा.

तुमच्या सोबत्यांचे म्हणणे अंतरापुरते मला मान्य आहे. वेगाचा अंदाज कोणतेही साधन देऊ शकत नाही, तो हातांनाच यावा लागतो. दिशेच्या बाबतीत मात्र माणसाला स्वतःची १ अंशाची चूक जाणवत नाही, आणि साधन नसेल तर ती वर्षानुवर्षे तशीच राहते. म्हणून सगळी साधने टाकून देण्याचा सल्लाही मी देणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. राउंड चालू असताना सराव-साधनाने स्ट्रोकचा सराव करणे गोल्फच्या नियम ४.३ खाली निषिद्ध आहे, आणि दोन होलच्या मधल्या वेळातही ही मनाई लागू असते. पहिल्या भंगाला स्ट्रोक-प्लेमध्ये (एकूण फटके मोजून ठरणाऱ्या खेळात) दोन फटक्यांचा आणि मॅच-प्लेमध्ये (होलगणिक जिंकण्या-हरण्याच्या खेळात) होल गमावण्याचा दंड आहे. दुसऱ्या भंगाला खेळाडू बाद होतो. नुकत्याच संपवलेल्या होलच्या ग्रीनवर साध्या पटिंगचा सराव, खेळाला उशीर होणार नसेल आणि स्पर्धेच्या स्थानिक नियमाने मनाई केलेली नसेल तर, करता येतो, पण रूळ, दिशादर्शक काठी, दोरी असे काही न वापरता. राउंडच्या आधी सरावाच्या ग्रीनवर मात्र रूळ, आरसा, दोरी सगळे चालते. तिथेही माझी विनंती अशी, की शेवटची दहा मिनिटे सगळे पिशवीत ठेवा आणि एका चेंडूने लांब-लांबचे पट मारून त्या दिवशी ग्रीन किती वेगवान आहे एवढेच हातांना कळू द्या.

दोन आठवड्यांनी वहीतले आकडे कळवलेत, तर रूळ पुन्हा काढायचा की नाही हे आपण त्यांवरून ठरवू. कळवताना फटीतून स्वच्छ गेलेल्या चेंडूंबरोबर २० फुटांच्या पलीकडचे पहिले पट होलपासून किती दूर थांबले, ते जरूर लिहा.